कसोटीचा दगड

इंग्रजी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘टचस्टोन’ या शब्दापुढे मराठीत ‘परीस’ असे लिहून आणले, तेव्हा मला त्याच्या चुकीपेक्षा तिच्यामागील तर्काचेच अधिक कौतुक वाटले. ‘टच’ म्हणजे स्पर्श आणि ‘स्टोन’ म्हणजे दगड, एवढे त्याला ठाऊक होते. ज्याच्या स्पर्शाने लोखंडाचे सोने होते अशा दगडाच्या कथा त्याने कीर्तनांतून आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या होत्या. आणि ‘परीस’ हे नाव मुळात ‘स्पर्श’ या संस्कृत शब्दाचेच झिजलेले रूप आहे, ही गोष्ट कोणी सांगितलेली नसतानाही त्याच्या मराठी कानाने ती बरोबर हेरली होती. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचे उत्तर जवळजवळ निर्दोष होते. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते नेमके उलट होते, आणि ते उलट का, हे समजावून देण्यासाठी मला त्याला शब्दकोशाकडे न नेता सोनाराच्या दुकानात न्यावे लागले.

परीस आणि टचस्टोन हे दोन्ही दगड सोन्याच्या सोबतीने नांदत असले तरी त्यांची वृत्ती परस्परविरुद्ध आहे. परीस पालट घडवितो. समोर आलेल्या धातूचे पूर्वचरित्र काय, याची तो विचारपूस करीत नाही. इंग्रजीत त्या कल्पित दगडाचे नाव ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ असे असून युरोपातील किमयागारांनी त्याच्या शोधात शतकेच्या शतके खर्ची घातली. टचस्टोन हा दगड कल्पित नाही आणि तो कोणाचे काही बदलीतही नाही. समोर आलेल्या धातूत सोने किती आणि हिणकस किती, एवढाच निवाडा तो देतो. आपल्याकडे त्याला ‘कसोटी’ म्हणतात. हा भेद ध्यानी आला म्हणजे शब्दाचे अर्धे ज्ञान झाले. उरलेले अर्धे तो दगड प्रत्यक्ष कसा वापरतात हे पाहिल्यावाचून होत नाही.

माझ्या लहानपणी लग्नसराईच्या आधी जुन्या पाटल्या मोडीत देण्यासाठी आजी सोनाराकडे निघाली की तिची पिशवी धरण्याचा मान मला मिळत असे. सोनार पाटली उलटसुलट करून पाही, मग गल्ल्याशेजारच्या फडक्याच्या घडीतून तळहातावर मावेल एवढा, काळाभोर, कडा झिजलेला एक दगड काढी आणि पाटलीची आतली, कोणाच्या नजरेस न पडणारी कड त्यावर एकदाच, परंतु ठाम हाताने ओढी. दगडावर बोटाच्या पेराएवढी पिवळी रेघ उमटे. तिच्या शेजारी तो स्वतःजवळच्या, कस ठाऊक असलेल्या सोन्याची दुसरी रेघ ओढी आणि मग काचेच्या काडीने तेजाबाचा एकच ओघळ दोन्ही रेघांवरून आडवा नेई. एक रेघ जशीच्या तशी राही. दुसरी किंचित हिरवट होऊन फिकी पडे. आजी त्या वेळी दगडाकडे पाहत नसे, सोनाराच्या चेहऱ्याकडे पाहत असे. काम आटोपले म्हणजे तो मेणाचा गोळा दगडावर दाबून रेघांचे कण टिपून घेई. कारण सोनाराच्या घरी पुसून टाकण्यासारखे काहीच नसते.

या एवढ्याशा प्रयोगात जे शास्त्र आहे ते साधे, पण नेमके आहे. सोने हा मऊ धातू. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तो अडीच ते तीनच्या आसपास येतो, तर कसोटीचा दगड गारगोटीच्याच कुळातला, अतिशय सूक्ष्म कणांचा आणि सातच्या आसपास काठिण्य असलेला असतो. त्यामुळे घासताना झिजते ते सोने, दगड नव्हे. दगड काळा हवा, म्हणजे रंगाची छटा उठून दिसते. आणि त्यावर आम्लाचा परिणाम होता कामा नये, म्हणून काळा संगमरवर कितीही देखणा असला तरी या कामी निरुपयोगी ठरतो. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. ते तांबे आणि चांदी विरघळविते, सोन्याला हात लावीत नाही. उंची कसाच्या सोन्यातील बारीक फरक पाहावयाचा असेल तर त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची भर घालावी लागते. सोन्यालाही विरघळविणाऱ्या त्या मिश्रणाला अम्लराज असे सार्थ नाव आहे. ‘तेजाब’ हा शब्द फारशी असून त्याचा अर्थ ‘तीक्ष्ण पाणी’ असा होतो, आणि युरोपातील जुन्या ग्रंथांत याच द्रवाला ‘बलिष्ठ पाणी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे. इंग्रजीतील ‘ॲसिड टेस्ट’ हा शब्दप्रयोग याच बाटलीतून निघालेला आहे.

परंतु या सर्वांत विद्यार्थ्याने लक्षात ठेवावयाची गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे रेघा दोन असतात. एकटी रेघ कितीही पिवळीधमक दिसली तरी काही सांगत नाही. जिचा कस आधीच ठाऊक आहे अशी दुसरी रेघ शेजारी आली म्हणजेच पहिली बोलू लागते. जर्मन खाणविद्येचा आद्य ग्रंथकार आग्रिकोला याचा धातुविद्येवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोन्यात निरनिराळ्या प्रमाणांत चांदी वा तांबे मिसळून केलेल्या सुयांचे संच वर्णिलेले आहेत, ते या दुसऱ्या रेघेसाठीच. तेव्हा टचस्टोन म्हणजे केवळ परीक्षा नव्हे. ज्ञात आणि अज्ञात यांना एका पृष्ठभागावर शेजारी शेजारी आणून ठेवणारी जागा म्हणजे टचस्टोन.

या दगडाचा इतिहासही मोठा जुना आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने पाषाणांवरील आपल्या छोट्या ग्रंथात या दगडाची माहिती दिली असून तो आजच्या तुर्कस्तानात मोडणाऱ्या लिडिया देशातील एका नदीत सापडतो, असे म्हटले आहे. त्यामुळे ‘लिडियाचा दगड’ हे त्याचे दुसरे नाव युरोपात रूढ झाले. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या कार्यालयाचे जे प्रकरण आहे, त्यात तर कसोटीविषयी एखाद्या जुन्या दप्तरदाराने लिहावे अशा बारकाईने नियम दिलेले आहेत. कलिंग देशाचा किंवा तापी नदीचा, मुगाच्या रंगाचा दगड उत्तम, असे तेथे सांगितले आहे; आणि ज्या तापीचे पाणी पिऊन खानदेश पोसला, तिच्या पात्रातील दगडाला हा मान मिळालेला पाहून मराठी वाचकाला बरे वाटल्यावाचून राहणार नाही. रेघ उंचसखल नसलेल्या जागी ओढावी, नखात दडविलेली गेरूची भुकटी रेघेवर सोडून रंग चढविणे ही लबाडी समजावी, अशा सूचनाही तेथे आहेत. सर्वांत मार्मिक भाग मात्र पुढेच आहे: काही दगड सोन्याचा रंग आहे त्याहून उजळ दाखवितात, ते विकणाऱ्याच्या हिताचे, काही दगड खरबरीत असून रंग नीट उतरू देत नाहीत, ते विकत घेणाऱ्याच्या हिताचे, आणि जो समान रंग दाखवितो तोच दोघांच्याही हिताचा. म्हणजे कसोटीलाही कसोटी लावावी लागते, हे या ग्रंथकाराने धातूच्या बाजारातच ओळखले होते.

आता हा दगड दुकानातून भाषेत कसा आला ते पाहू. ग्रीक लोक त्याला ‘बसॅनोस’ म्हणत. त्या शब्दाचा अर्थ प्रथम कसोटीचा दगड. मग कोणतीही परीक्षा. मग आरोपीच्या तोंडून सत्य काढण्यासाठी केलेली चौकशी. आणि अखेर त्या चौकशीत दिलेल्या यातना. एका निरुपद्रवी दगडाच्या नावाचा शेवट छळात व्हावा, हे त्या काळच्या न्यायपद्धतीवरचे भाष्यच म्हणावयाचे. याच शब्दावरून लॅटिनमध्ये एका कठीण काळ्या दगडाचे नाव पडले, आणि नकलनवीसांच्या हातून त्या नावाची अक्षरे फिरून ‘बसाल्ट’ हा शब्द जन्मास आला, असे विद्वान सामान्यतः मानतात. सह्याद्रीचा काळा कातळ भूगोलाच्या पुस्तकात ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव अशा रीतीने कसोटीच्या दगडाचे दूरचे नातलग आहे. कातळ स्वतः मात्र कसोटीच्या कामी येत नाही.

इंग्रजीत तर ‘टच’ या शब्दालाच एके काळी ‘सोन्याचा कस’ असा अर्थ होता. पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत १३०० मध्ये जो कायदा झाला, त्यात सोन्याचे काम ‘टच ऑफ पॅरिस’पेक्षा हलके असू नये, म्हणजे पॅरिसच्या सोनारांनी ठरविलेल्या कसाखाली उतरू नये, असा दंडक घातलेला आहे. पुढे १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या संघाच्या वास्तूत, म्हणजे ‘हॉल’मध्ये, जिनसा तपासून त्यांवर मोहोर उमटविण्याची व्यवस्था झाली आणि त्यातून ‘हॉलमार्क’ हा शब्द रूढ झाला. भाषेत मुरलेली ही रूपके त्या काळच्या ग्राहकाला रूपके वाटतच नसत. ती त्याच्या रोजच्या देवघेवीचे शब्द होती.

सोळाव्या शतकापर्यंत ‘टचस्टोन’ हा शब्द माणसे, ग्रंथ आणि मते यांच्या परीक्षेसाठी लाक्षणिक अर्थाने वापरात आलेला दिसतो. शेक्सपिअरने ‘ॲज यू लाइक इट’ या नाटकातील विदूषकाचे नावच टचस्टोन ठेवले आहे, आणि ते नाव थट्टेचे असले तरी निरर्थक नाही. तो विदूषक स्वतः फारसे काही घडवून आणीत नाही. पण त्याच्याशी जो जो बोलावयास येतो त्याचा दरबारी डौल, त्याचा भाबडेपणा किंवा त्याची प्रेमविव्हलता त्याच्यावर घासली जाऊन आपली रेघ सोडून जाते.

या शब्दाला वाङ्मयसमीक्षेत मानाचे आसन मिळाले ते मॅथ्यू आर्नल्डमुळे. १८८० मध्ये इंग्रजी कवितेच्या एका संग्रहाला त्याने जो प्रास्ताविक निबंध लिहिला, त्यात होमर, डांटे, शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्या निवडक ओळी वाचकाने नित्य मनात बाळगाव्यात आणि नवीन कविता समोर आली म्हणजे त्या ओळींच्या शेजारी ठेवून तिचा दर्जा ताडून पाहावा, असा उपाय त्याने सुचविला. हा विचार त्याने सोनाराच्या पाटावरूनच उचलला होता, हे उघड आहे. थोर कवींच्या ओळी म्हणजे आग्रिकोलाच्या सुया. त्यावर जे आक्षेप आले तेही सोनाराच्याच भाषेत मांडता येतात. दागिन्याच्या एका कडेवरून साऱ्या दागिन्याचा कस सांगणे धोक्याचे असते, कारण आत भरताड असू शकते. तशी एका ओळीवरून अख्ख्या काव्याची पारख होत नाही. शिवाय सुया निवडणारा हात कोणाचा, आणि दगड विकणाऱ्याच्या हिताचा की घेणाऱ्याच्या, हा कौटिल्याचा प्रश्न तेथेही उरतोच.

एवढी पूर्वपीठिका ध्यानी घेतली म्हणजे शब्दाच्या व्यवहारातील खाचखळगे आपोआप दिसू लागतात. मराठीत ‘कसोटी’ या शब्दाचे राज्य मोठे आहे. तो दगडही आहे, परीक्षाही आहे आणि संकटाचा काळही आहे. म्हणून आपण ‘कसोटीस उतरणे’, ‘कसोटीला लागणे’, ‘कसोटीचा प्रसंग’ असे सर्व काही एकाच शब्दात भागवितो. इंग्रजी ‘टचस्टोन’ मात्र दगडच राहिला, परीक्षा झाला नाही. तेव्हा ‘तो कसोटीला उतरला’ याचे भाषांतर करताना ‘ही पास्ड द टचस्टोन’ असे लिहिणे म्हणजे ‘तो तराजू उत्तीर्ण झाला’ असे म्हणण्यासारखे आहे. तेथे ‘टेस्ट’ हाच शब्द हवा. उलट, एखाद्या कादंबरीने पुढील सर्व कादंबऱ्यांना मोजण्याचे माप घालून दिले, किंवा अल्पसंख्यांना मिळणारी वागणूक ही कोणत्याही राज्याच्या न्यायबुद्धीची खूण होय, असे म्हणावयाचे असेल तर ‘टचस्टोन’ शोभून दिसतो, कारण तेथे एक ज्ञात वस्तू दुसरीचे मोल ठरविण्यासाठी शेजारी ठेवलेली असते. ज्या गुणाची पारख करावयाची तो गुण सांगताना या शब्दापुढे ‘ऑफ’ हे अव्यय बहुधा येते; ज्यांच्यासाठी ते माप ठरते ते सांगताना ‘फॉर’ येते.

त्याच्या भाऊबंदांशीही गल्लत करू नये. ‘यार्डस्टिक’ ही गजाची काठी; ती लांबी मोजते, शुद्धता नव्हे, आणि आपला ‘मापदंड’ हा तिचा शब्दशः जुळा भाऊ आहे. ‘बेंचमार्क’ ही भूमापकाने दगडात कोरलेली, उंची मोजण्याच्या आरंभाची खूण. ‘ॲसिड टेस्ट’ एकदाच होते आणि निर्णायक असते. टचस्टोन फडक्यात गुंडाळून पुन्हा उद्यासाठी ठेवला जातो. ‘हॉलमार्क’ हा परीक्षा संपल्यानंतरचा शिक्का आहे. ‘माइलस्टोन’ तर वाटेवरचा दगड. त्याचा ‘मैलाचा दगड’ हा मराठी अवतार आपण निमूटपणे स्वीकारला आहे, पण त्याचा सोन्याशी काडीचा संबंध नाही.

हल्लीच्या इंग्रजीत, विशेषतः अमेरिकी लेखनात, या शब्दाची धार थोडी बोथट झालेली आढळते. ‘कल्चरल टचस्टोन’ असे जेव्हा एखाद्या चित्रपटाला किंवा पुस्तकाला म्हटले जाते, तेव्हा त्याने इतरांची पारख होते असे सांगावयाचे नसते. ते सर्वांच्या परिचयाचे असून नुसता उल्लेख केला तरी पुरे होतो, एवढेच सुचवावयाचे असते. मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाजवळ ‘अगदी अंतू बर्वा’ एवढेच म्हणावे आणि पु. ल. देशपांड्यांचे नावही न घेता सर्व काही समजावे, हा त्याचा घरगुती दाखला. अशा ठिकाणी ‘कसोटी’ किंवा ‘निकष’ घालून केलेले भाषांतर फसते. ‘सर्वांच्या ओळखीची खूण’ असे सरळ म्हणणे बरे.

आपल्या भाषेतही सराफकट्ट्यावरून आलेल्या शब्दांची वाण नाही. ‘कष्’ या घासण्याच्या अर्थाच्या धातूपासून संस्कृत ‘निकष’ निघाला. घासण्याची पाटी ती ‘कषपट्टिका’, आणि तीच झिजत झिजत ‘कसवटी’ व ‘कसोटी’ झाली. गद्य ही कवीची कसोटी होय, हे संस्कृत पंडितांचे मत याच ‘निकष’ शब्दात सांगितलेले आहे. तोच शब्द आज ‘पात्रतेचे निकष’ होऊन सरकारी अर्जांच्या मागील पानावर जाऊन बसला आहे. अव्वल सोन्याला आपण ‘बावनकशी’ म्हणतो आणि सज्जन माणसालाही तेच विशेषण लावतो. मराठी अमदानीत वसुलात आलेली नाणी पारखून घेण्याचे काम पोतदाराकडे असे. हिणकस किंवा झिजलेल्या नाण्यावर जी कसर कापली जाई तिला ‘बट्टा’ म्हणत, आणि ती पद्धत लयास गेली तरी ‘घराण्याच्या नावाला बट्टा लागला’ असे म्हणताना आपण अजूनही त्याच हिशेबाने बोलतो.

यातील सर्वांत मौजेची गाठ क्रिकेटच्या मैदानावर पडली आहे. ‘टेस्ट मॅच’चे भाषांतर कोणा मराठी वृत्तपत्रकाराने ‘कसोटी सामना’ असे केले आणि ते इतके रुळले की आजच्या मुलाला कसोटी म्हटल्यावर पाच दिवसांचा खेळ आठवतो, दगड आठवत नाही. परंतु ‘टेस्ट’ हा इंग्रजी शब्दही धातुपरीक्षेतलाच आहे: सोन्याचांदीतील हीण काढण्यासाठी ज्या मातीच्या भांड्यात ते तापवीत, त्या भांड्याच्या लॅटिन नावापासून तो आलेला आहे. म्हणजे भाषांतरकाराने सोनाराच्या पाटावरील भांडे उचलले आणि त्याच पाटावरचा दगड तेथे ठेवला. त्याला हे ठाऊक असेलच असे नाही. पण भाषेच्या अंगात मुरलेले ज्ञान पुष्कळदा लेखकाच्या ज्ञानाहून जुने असते.

खुद्द तो दगड मात्र आता दुकानातून उठत चालला आहे. १६ जून २०२१ पासून भारतातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. क्ष-किरणांचे यंत्र दागिन्याला ओरखडाही न काढता काही क्षणांत त्याचा कस पडद्यावर दाखविते. ग्राहकाच्या दृष्टीने हे इष्टच आहे. आजीला सोनाराच्या चेहऱ्याकडे पाहत बसावे लागले नसते. परंतु दगड डोळ्यांआड झाला की शब्द पोरका होतो. इंग्रजी वाचकांपैकी बहुतेकांनी टचस्टोन कधी पाहिलेला नसतो, आणि म्हणूनच त्याचा अर्थ ‘ओळखीची खूण’ इतका पातळ होत गेला. आपल्या ‘कसोटी’चेही तेच होऊ घातले आहे. शब्दाचा लाक्षणिक अर्थ मूळ वस्तूवाचून काही काळ तग धरतो, पण त्याच्या वापरातील नेमकेपणा मात्र वस्तूबरोबरच निघून जातो.

हे सर्व ऐकून झाल्यावर त्या विद्यार्थ्याने वहीतील ‘परीस’ हा शब्द खोडावयास रबर काढले, तेव्हा मी त्याला थांबविले. त्या शब्दाला तसाच राहू देऊन त्याच्या शेजारी ‘कसोटीचा दगड’ असे लिहावे, असे मी सुचविले. पुढे कधी ती वही उघडली तर दोन शब्द जवळजवळ दिसतील, एक सोने करणारा आणि एक सोने ओळखणारा; आणि टचस्टोन म्हणजे काय हे त्याला एकट्या बरोबर उत्तरावरून जितके आठवेल त्याहून या दोन रेघांवरून अधिक चांगले आठवेल.